ओळखीच्या जागी नवी वस्तू

वावरातल्या उंदरांचा बंदोबस्त करणारा जाणता माणूस पहिल्या दिवशी विष घालतच नाही. आदल्या संध्याकाळी तो धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, सगळी बिळं मातीनं बुजवतो आणि सकाळी जी उघडलेली दिसतात तीच जिवंत धरतो. मग ज्वारी भरडायची, तिला तेलाचा हात लावायचा, कागदाच्या पुड्या करून त्या बिळांपाशी ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुड्या फस्त व्हायला लागल्या की तिसऱ्या दिवशी त्याच ज्वारीत विष. हे दोन दिवस वाचवायला गेलं की विष वाया जातं. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, बिचकत बिचकत एवढंसं कुरतडतो, पोट बिघडतं पण मरत नाही, आणि मग कितीतरी दिवस त्या चवीकडे फिरकत नाही.

कृषी सहायक ही गोष्ट दर हंगामाला सांगतात. ती ऐकताना मला दर वेळी एका लेखिकेची आठवण होते. विज्ञानकथा लिहायला लागण्याआधी ती उंदरांच्या याच बिचकण्याचा अभ्यास करत होती.

ॲलिस शेल्डन. जन्म शिकागोचा, १९१५ चा. सहा वर्षांच्या असताना आईवडिलांबरोबर निसर्गअभ्यासक कार्ल एकली यांच्या मोहिमेतून बेल्जियन काँगोत गेल्या, जिथे मोठी माणसं गोरिला शोधत होती. आई मेरी हेस्टिंग्ज ब्रॅडली नावाजलेली लेखिका. दुसऱ्या महायुद्धात शेल्डनबाई अमेरिकेच्या हवाई दलासाठी विमानातून घेतलेले फोटो वाचायचं काम करत होत्या. १९४६ पासून नवऱ्याबरोबर न्यू जर्सीत कोंबड्यांची हॅचरी चालवली, १९५२ साली दोघंही सीआयएत गेली, १९५५ साली बाई तिथूनही बाहेर पडल्या. आणि मग, आपल्याकडे ज्या वयात बायका लेकीच्या लग्नाची खरेदी करत असतात त्या वयात, त्या कॉलेजात जाऊन बसल्या. १९५९ साली बी.ए. आणि १९६७ साली जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातून प्रायोगिक मानसशास्त्रात पीएच.डी. काही काळ मानसशास्त्र शिकवलंही.

त्यांच्या प्रयोगातला प्रश्न मांडायला सोपा आहे आणि सोडवायला अवघड. प्राण्यासमोर एक ओळखीची वस्तू ठेवली आणि एक नवी, तर तो कुठे जाईल? त्याआधीचे अभ्यासक यावर भांडत होते. कुणी म्हणे प्राणी नव्याकडे ओढला जातो, कुणी म्हणे नव्याला भितो, आणि दोघांकडेही आकडे होते. शेल्डनबाईंनी वस्तूवरची नजर काढून जागेवर नेली. १९६९ साली छापून आलेल्या त्यांच्या निबंधाचं सार असं, की जागा ओळखीची असेल तर उंदीर नव्या वस्तूकडे जातो आणि जागाच परकी असेल तर ओळखीच्या वस्तूपाशी थांबतो. दोन्ही बाजूंचे आकडे खरे होते. उंदीर कुठे उभा आहे हे विचारायचं राहून गेलं होतं.

आता वावरातल्या माणसाला शंका येईल, आणि ती यायलाच हवी. धुरा तर उंदराचा ओळखीचाच, मग ज्वारीच्या पुडीला तो का बिचकतो? कारण प्रयोगशाळेतला उंदीर वेगळा. पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यात वाढलेला, माणसाच्या हातातून खाणारा, त्याच्या अंगातलं ते भय बरंचसं गळून गेलेलं असतं. धुऱ्यावरचा उंदीर माणसाच्या शेजारी आणि माणसाच्या वैरात जगतो. त्याच्या ओळखीच्या जागेत एकाएकी उगवलेली वस्तू बहुतेक वेळा त्याच्या जिवावरच उठलेली असते. म्हणून शेल्डनबाईंचा नियम त्याच्यापाशी लागू करायचा तर आधी दोन दिवस साधी ज्वारी द्यावी लागते.

मला या नियमात विज्ञानकथेचं सगळं बांधकाम दिसतं. ग्रह नवा, माणसं नवी, भाषा नवी, यंत्रं नवी अशी कथा मराठीत कुणी सुरू केली की वाचक चौथ्या ओळीला कोपऱ्यात अंग चोरून बसतो आणि ओळखीचं काहीतरी शोधायला लागतो. ते सापडलं नाही तर पान उलटतो. याउलट ओसरी, बंडी, ढेपेचं पोतं, सायंकाळची एसटी असं सगळं जागच्या जागी आहे आणि त्यात एकच वस्तू नवी आहे, तर त्याची नजर त्या वस्तूवरून हलत नाही. आणि वाचक विज्ञानकथेला सरावलेला नसेल, म्हणजे आपल्या धुऱ्यावरचा असेल, तर पहिली दोन पानं साध्या ज्वारीची.

पीएच.डी.च्या शेवटच्या ओढाताणीतच शेल्डनबाईंनी काही विज्ञानकथा लिहिल्या आणि मासिकांना धाडल्या. विद्यापीठात नाव खराब होऊ नये म्हणून टोपणनाव हवं होतं. दुकानात मुरंब्याच्या बरणीवर टिपट्री हे नाव दिसलं. त्यावरून झाला जेम्स टिपट्री ज्युनियर. पहिली कथा १९६८ साली ॲनालॉग मासिकात आली. पुढची जवळजवळ दहा वर्षं या टिपट्रीला कुणी पाहिलं नाही. व्हर्जिनियातली एक टपालपेटी, आणि तिथून येणारी लांबलचक, मायाळू, हुशार पत्रं. विज्ञानकथा-लेखिका उर्सुला ले ग्विन यांच्याशी घट्ट पत्रमैत्री झाली ती याच पेटीतून. १९७५ साली विज्ञानकथाकार रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांनी टिपट्रीच्या कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत ठासून लिहिलं, की या लिखाणात अटळपणे पुरुषी असं काहीतरी आहे. १९७६ साली आई वारली. टिपट्रीनं पत्रांतून आईबद्दल इतकं काही सांगितलेलं होतं की मृत्युलेखावरून लोकांनी धागा पकडला, आणि पुढच्या वर्षी सगळं उघड झालं.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं, लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. ही आद्याक्षरं उलटी वाचली की जयंत विष्णू नारळीकर निघतात. अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंनी उतरवून दिली होती. दोघांच्या कारणांत फरक आहे. नारळीकरांना नावाचं वजन तराजूत पडायला नको होतं. शेल्डनबाईंना विद्यापीठाची भीती होती, आणि पुढे बाईच्या नावाला जे मिळत नाही ते पुरुषाच्या नावाला कसं आपोआप मिळतं हे त्या आतून पाहू शकल्या. प्रयोगशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर मजकूर तोच ठेवून फक्त नाव हे एकच परिवर्तक बदललं गेलं, आणि प्रयुक्त, म्हणजे ज्यांच्यावर प्रयोग होतो ते, होते अमेरिकेतले सगळे संपादक, समीक्षक आणि वाचक. दहा वर्षं चाललेला असा प्रयोग कुठल्याही विद्यापीठाच्या समितीनं मंजूर केला नसता.

विदर्भातल्या वाचकानं त्यांची एक कथा तरी मिळवून वाचावी असं मला मनापासून वाटतं. ती 'द स्क्रूफ्लाय सोल्यूशन', १९७७ ची, रकूना शेल्डन या दुसऱ्या टोपणनावानं लिहिलेली. नेब्युला पुरस्कार मिळालेली ही कथा आपल्याला अमेरिकी वाचकापेक्षा जास्त कळेल, कारण तिच्या मुळाशी जी गोष्ट आहे ती आपल्या पराटीत, म्हणजे कपाशीत, उभी आहे.

आधी मूळ गोष्ट. स्क्रूवर्म नावाची माशी गुराच्या उघड्या जखमेत अंडी घालते आणि अळ्या जिवंत मांस खातात. जखमेत किडे पडलेलं वासरू ज्यांनी पाहिलं आहे त्यांना जास्त सांगायला नको, तिची एक जातभाई आपल्याकडेही आहे. एडवर्ड निपलिंग या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाच्या ध्यानात आलं, की या माशीची मादी साधारणपणे आयुष्यात एकदाच नराशी संग करते. म्हणजे तो एक संग वाया घालवला की मादीचा जन्म वाया. मग कोट्यवधी माश्या पाळायच्या, त्या कोशात असताना किरणांचा मारा करून वांझ करायच्या आणि सोडून द्यायच्या. १९५४ साली कुरासाव बेटावर हे करून पाहिलं आणि त्या बेटावरून माशी नाहीशी झाली. विषाचा थेंब न वापरता, नुसती वागणुकीतली एक अरुंद वाट अडवून.

आता आपली गुलाबी बोंडअळी. तिचा पतंग पात्या-फुलांवर, बोंडांवर अंडी घालतो आणि अळी आत शिरते. फुलाच्या पाकळ्या आतून जाळ्यानं बांधल्यासारख्या मिटून राहतात, त्याला आपण डोमकळी म्हणतो. बोंडात शिरलेली अळी तर बाहेरून दिसतच नाही. बोंड हिरवंगार, फोडलं की आत सरकी पोखरलेली आणि रुईची कवडी. २०१७ च्या हंगामात बीटी कपाशीतही ती इतकी माजली की वेचणीला अर्थ उरला नाही, अशी वावरं यवतमाळपासून बुलढाण्यापर्यंत होती. त्यानंतर कामगंध सापळे हा शब्द गावोगाव पोचला. मादीच्या वासाची नक्कल असलेली गोळी, जिला सगळे ल्यूर म्हणतात, ती सापळ्यात अडकवायची. नर वासानं येतो आणि खालच्या पिशवीत अडकतो. पाळत ठेवायला एकरी दोन सापळे पुरतात. सलग तीन रात्री एकेका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले तर उपाय करायची वेळ झाली असं धरायचं. सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा वीतभर-हातभर वर हवा आणि पराटी वाढेल तसा तो वर सरकवायला हवा. बहुतेक सापळे फुकट जातात ते इथेच. ऑगस्टात लावलेला सापळा ऑक्टोबरात पराटीच्या पोटात बुडालेला असतो. दुसरी चूक म्हणजे तंबाखू मळलेल्या हातानं ल्यूर बसवणं. तिसरी, ल्यूरची मुदत संपली तरी तीच ठेवणं आणि रिकामी पिशवी पाहून निर्धास्त होणं. आणि सगळ्यांवर कडी करणारी चौथी, डिसेंबरानंतर चार क्विंटलच्या आशेनं फरदड, म्हणजे वेचणी झालेली पराटी, उभी ठेवणं.

या सापळ्यामागे जे ज्ञान आहे त्याला मी बिनदिक्कत मानसशास्त्र म्हणेन. नराला मादी दिसत नाही, तिचा वास म्हणजेच मादी. तो वास सगळ्या वावरभर पसरवणाऱ्या दोऱ्या बांधल्या तर नर रात्रभर भिरभिरतो आणि खरी मादी त्याला सापडतच नाही. अमेरिकेत वासाचा हा उपाय, बीटी कपाशी आणि वांझ पतंग असं सगळं एकत्र वापरून २०१८ साली गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर झालं. तिथल्या पैदाशीच्या पतंगांना अन्नातूनच लाल रंग दिलेला असे, म्हणजे सापळ्यात सापडलेला पतंग आपला की रानातला हे चिरडून पाहिलं की कळे.

शेल्डनबाईंनी एवढंच विचारलं, की ही अरुंद वाट माणसात कुठे आहे? त्यांच्या कथेत नवरा कोलंबियात उसावरच्या किडीवर काम करतो आहे, बायको घरी आहे, आणि कथा बरीचशी पत्रांतून येते. बातम्या येतात की जगाच्या अमुक पट्ट्यात पुरुष बायकांना मारायला लागले आहेत. त्याला धर्माचं कारण देणारे निघतात, पंथ निघतो, समित्या बसतात. कीटकांवर काम करणाऱ्या नवऱ्याला हळूहळू उमगतं, की नराच्या मेंदूत वासना आणि हल्ला यांच्या वाटा जिथे शेजारून जातात तिथे कुणीतरी सांधा बदलला आहे, रेल्वेचा बदलावा तसा. आणि ते त्याला स्वतःच्या अंगातही जाणवतं. ज्याला पृथ्वी मोकळी करून हवी आहे त्यानं फवारणी केली नाही, निपलिंगचाच मार्ग धरला. कथेत एकही नवलाचं यंत्र नाही. पत्र, घर, नवरा, बायको, लेक असं सगळं ओळखीचं आणि एकच वस्तू नवी. उंदरांवर सिद्ध केलेला नियम लेखिकेनं वाचकावर चालवला आहे आणि तो शेवटच्या ओळीपर्यंत धरून ठेवतो.

त्यांच्या हॅचरीच्या वर्षांकडे चरित्र वाचणारे घाईनं पाहतात, मला ती वर्षं मोलाची वाटतात. ज्यानं कोंबड्या पाळल्या त्याला ठाऊक असतं की खुराड्यात टोचण्याची एक उतरंड असते आणि नवी कोंबडी दिवसाढवळ्या सोडली तर बाकीच्या तिला रक्तबंबाळ करतात. म्हणून ती रात्री, अंधारात, झोपलेल्या कोंबड्यांच्या मधे बसवायची. नव्या वस्तूला ओळखीची करण्याची ही युक्ती विद्यापीठात जायच्या आधीही माणसाच्या हातात येते.

मानसशास्त्रातून कथेकडे आलेल्या दुसऱ्या एका मोठ्या माणसाची तुलना इथे टाळता येत नाही. बी. एफ. स्किनर यांनी १९४५ च्या उन्हाळ्यात एक कादंबरी लिहिली, ती १९४८ साली 'वॉल्डन टू' या नावानं आली. साधारण हजार माणसांची वस्ती आणि तिथला सगळा व्यवहार वागणुकीच्या शास्त्रानुसार बसवलेला. स्किनर यांची प्रयोगशाळेतली कर्तबगारी वादातीत आहे, पण या पुस्तकात माणसं वस्ती पाहत हिंडतात आणि एक जण समजावून सांगत राहतो. उत्तर आधीच हातात होतं, त्यामुळे कुणाचंच काही पणाला लागत नाही. शिक्षकाचा हा रोग आहे. पंचेचाळीस मिनिटांच्या तासात उत्तर द्यायची सवय लागली की कथेतही फळा येतो. अलीकडचे लॉरेन्स शोएन हेही काही वर्षं मानसशास्त्राचे प्राध्यापक होते, विषय स्मृती आणि भाषा. २०१५ सालच्या 'बार्स्क' मध्ये त्यांनी बोलणारे हत्ती घेतले आणि मेलेल्यांची स्मृती कणाकणांनी गोळा करून त्यांच्याशी बोलता येतं अशी कल्पना केली. कल्पना प्राध्यापकाच्याच विषयातली, पण ती हत्तींच्या दुःखाच्या हवाली केलेली आहे. त्यामुळे पुस्तक तगतं.

आता आपल्या तालुक्याच्या कॉलेजात येऊ. बी.ए.ला मानसशास्त्र आहे, प्रात्यक्षिकाची खोली म्हणजे एक कपाट, दोन बाकं आणि चालू स्थितीतलं एक स्टॉपवॉच. आरसा-रेखनाचा प्रयोग तिथे दर वर्षी होतो. दुहेरी रेषेची सहा कोनांची चांदणी छापलेला कागद फळीवर चारी कोपरे चिकटवून बसवायचा, नाहीतर तो सरकतो आणि चुका फुकट वाढतात. समोर उभा आरसा, आणि हात थेट दिसू नये म्हणून वर आडोसा. प्रयुक्तानं आरशात पाहत दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची. रेषेला शिवलं की एक चूक. प्रयोगकर्त्यानं वेळ आणि चुका लिहायच्या, उजव्या हाताचा एक प्रयत्न, मग डाव्या हाताचे दहा, मग पुन्हा उजव्याचा एक. डाव्या हातानं शिकलेलं उजव्याला न शिकवता किती आलं ते त्यातून कळतं. फसतो तो असा: प्रयुक्त मान वाकवून आडोशाखालून बघतो, किंवा प्रयोगकर्ती मैत्रीण असल्यामुळे मधेच "जमून राह्यलं, जमून राह्यलं" म्हणते आणि नकळत प्रबलन, म्हणजे शाबासकीचं बळ, देऊन बसते. शेवटी अंतर्निरीक्षणाचा, म्हणजे स्वतःला आतून काय जाणवलं त्याचा, अहवाल. तिथे वर्षानुवर्षं गाईडमधलं एकच वाक्य उतरवलं जातं, 'मला हा प्रयोग करताना आनंद झाला'.

चांदणीच्या कोनावर पेन्सिल अडलेली असते, बोटं पांढरी पडलेली असतात, ती पोरगी पुढे ढकलू पाहते आणि हात मागे जातो. त्या क्षणी ती जे बोलते ते वहीत कधीच येत नाही: "मॅडम, हात आयकूनच नाही राह्यला." विज्ञानकथेचा कच्चा माल हा आहे. डोळा एक सांगतो, हात दुसरं करतो, आणि आपलं शरीर आपलं आहे हा भरवसा तीन मिनिटं सुटतो. ज्या शिक्षकाला कथा लिहायची आहे त्यानं अशी वाक्यं मागल्या पानावर तारखेनिशी टिपून ठेवावीत. पाच वर्षांत वही भरते.

पुढची पायरी प्रयोगाचा आराखडा मांडतात तशीच. वागणुकीची एक यंत्रणा घ्यायची, तिच्यातली एकच अट बदलायची, बाकी सगळं होतं तसं ठेवायचं, आणि जिवंत प्राणी काय करील ते शेवटपर्यंत बघायचं. मधेच दुसरी अट बदलली की परिणाम कशाचा ते सांगता येत नाही, कथेतही नाही. लोणारचं सरोवर हाताशी आहे म्हणून उल्का आणायची, मेळघाट जवळ आहे म्हणून अनोळखी प्राणी आणायचा, हा मोह बाजूला ठेवावा. ती ठिकाणं आधीच नवलाची आहेत, तिथे नवल उठून दिसत नाही.

एक यंत्रणा घेऊन दाखवतो. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली आणि तिच्यापासून ना फायदा ना तोटा, तर प्राणी तिला प्रतिसाद देणं सोडतो. हे सवयीकरण. समुद्री गोगलगायीसारख्या साध्या प्राण्यातही ते आहे. एरिक कँडल यांनी तिच्या कल्ल्याच्या आखडण्यावर काम करून दाखवलं, की एका चेतापेशीकडून दुसरीकडे जाणारा रासायनिक निरोप दर खेपेला क्षीण होत जातो. २००० सालच्या नोबेलमागे या कामाचा वाटा होता. आता समजा, नाल्याकाठच्या एका गावात सवयीकरण बंद पडलं. विहिरीचं पाणी म्हणा, कारण एका ओळीत उरका. नाल्यापलीकडचं गाव तसंच, तीच जात-पात, तीच पराटी, तोच पाऊस, फक्त विहीर वेगळी. तुलनेसाठी तुमचा नियंत्रित गट तयार आहे.

इथे अभ्यास कामाला येतो. सवयीकरण वेगळं आणि ज्ञानेंद्रियाचं थकणं वेगळं. गोठ्याचा वास काही वेळानं येईनासा होतो त्यात नाकाचा स्वतःचा वाटा मोठा आहे, तो वास पहिल्यासारखाच विरेल. पण टिनावर पडणारा पाऊस, पंख्याची कुरकुर, शेजारचा मोटरपंप, यांचा प्रत्येक आवाज पहिलाच आवाज होईल. हा फरक न सांभाळता 'सगळंच नवं वाटू लागलं' असं लिहिलं तर कथा ढिली पडते. पहिल्या दिवशी गाव खुश असेल. चहाच्या दुसऱ्या घोटाकडेही पहिल्या घोटाइतकंच लक्ष, दारातल्या लिंबाकडे म्हातारी उभी राहून बघते आहे. रात्री मात्र कुणाला झोप नाही. दुसऱ्या दिवशी माणसांच्या आधी जनावरं कोसळतात. बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ दर पावलाला वाजते आणि दर पावलाला बैल दचकतो, डवरणी बंद. कोंबड्या वरून पडणाऱ्या प्रत्येक पानाला घार समजून दबकतात आणि खात नाहीत. गावकरी पाण्यावर संशय घेतील तो यावरून, तपासणी अहवालावरून नाही.

आणि माणसांचं काय, ते एका घरात बघायचं. ओसरीच्या भिंतीवर हार घातलेला फोटो आहे. आठ वर्षं झाली. घरातल्या सुनेला तो आता दिसत नाही, रोज त्याखालून बादली घेऊन जाते तरी दिसत नाही. न दिसण्यावरच तर तिचे दिवस चालले आहेत. आता तो दिसतो, दर खेपेला, बादली घेऊन जाताना आणि परत येताना. ती रडत नाही, तेवढा वेळ नसतो. पण हातातली बादली हिंदकळते. सासू दोन दिवस हे पाहते आणि तिसऱ्या दिवशी तोंडातून शब्द न काढता स्टूल घेऊन फोटो उतरवते.

प्राध्यापक नसलेला लेखक कथा इथे संपवील. ज्यानं सोकोलोव्ह यांचं काम शिकवलं आहे तो थांबणार नाही. या रशियन शास्त्रज्ञानं दाखवलं, की ठरलेल्या वेळी येणारा आवाज एकाएकी आला नाही तर प्राणी त्या न येण्यालाही मान वळवतो. अपेक्षित गोष्टीची गैरहजेरी हीसुद्धा एक नवी गोष्ट असते. चुलीच्या धुरानं भिंत काळवंडलेली, आणि फोटो होता तेवढा चौकोन पांढरा, वर खिळा. सून बादली घेऊन ओसरीत येते.